खालचा थर म्हणजे जमीन

"मला फक्त कळायला हवं," दर्शनाताई म्हणाल्या. "कोणाला काही बोलणार नाही मी. पण कळायला हवं."

हे त्यांनी निशिगंधाला तिसऱ्यांदा सांगितलं होतं. निशिगंधा त्यांच्या धाकट्या भावाची बायको. ठाण्यातल्या त्याच इमारतीत दोन मजले वर ती आणि तिची थोरली जाऊ चारुता शेजारशेजारच्या घरांत राहत. आत्ता ती दर्शनाताईंच्या स्वयंपाकघरात बसली होती आणि आतल्या खोलीत त्यांची मुलगी ओजस्वी पाठीवर झोपून छताकडे बघत होती. गोविंदा पथकाच्या सरावात पाचव्या थरावरून ती पडली, त्याला चार महिने होत आले होते. छातीच्या खाली तिला काहीच जाणवत नव्हतं, हातही जेमतेम हलत. सुरुवातीला डॉक्टर "बघू" म्हणायचे. आता तेही म्हणत नव्हते.

"कार्डावर कळतं ना सगळं? तुझ्याच कंपनीचं आहे."

"ताई, ते खेळाचं कार्ड आहे."

"खेळातच पडली ना ती," दर्शनाताई म्हणाल्या.

निशिगंधाने मान खाली घातली. तिच्या कंपनीने बनवलेल्या त्या कार्डाला बाजारात भारदस्त नाव होतं, पण दुकानदार आणि पोरं त्याला पडझड कार्ड म्हणत. संगणकाच्या खेळात चित्र काढायला एक वेगळी चिप असते, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पडझड कार्ड तिच्या शेजारी बसायचं आणि फक्त वस्तू एकमेकींवर कशा आदळतात, घसरतात, वाकतात, मोडतात एवढंच मोजायचं. त्यापूर्वीच्या खेळांत भिंत कोसळायची ती आधीच ठरवून ठेवलेली, दर वेळी तशीच. या कार्डामुळे प्रत्येक वीट स्वतःच्या वजनाने पडू लागली. नंतरच्या आवृत्तीत विटांच्या जागी माणसं आली. मांस, स्नायू, सांधे, त्वचेवरचा घाम. कोणाचंही चालतानाचं चित्रण दिलं की कार्ड त्याच्या हाडांची लांबी आणि सांध्यांची ताकद काढायचं. खेळात माणूस जिन्यावरून पडला की बघणाऱ्याचा हात आपोआप कठड्याकडे जायचा, इतकं ते खरं दिसायचं.

आणि माणसांवर माणसं उभी करणं हे तर असल्या गणिताची सगळ्यात अवघड परीक्षा. थर.

पथकाच्या संजीवनीकाकूंना विचारल्याशिवाय हे करणं निशिगंधाला बरं वाटेना. काकू साठीच्या. महानगरपालिकेच्या शाळेच्या मैदानावर वर्षभर बायकांचा सराव त्याच घ्यायच्या. पथकात एक नियम होता. थर पडला की सगळ्यांनी जिथल्या तिथे बसायचं, शेजारणीच्या कमरेचा पट्टा सोडून पुन्हा घट्ट बांधायचा आणि उभं राहायचं. कोण सुटलं, कोणाचा खांदा हलला, हे विचारायचं नाही. त्या दिवशीच नव्हे, कधीच नाही.

"अगं, नाव कळल्यावर तिच्या खांद्यावर पाय कोण ठेवणार?" काकू म्हणाल्या. "आणि तूच निघालीस तर?"

"निघाले तर निघाले," निशिगंधा म्हणाली. ती पहिल्या थरात असायची.

"मोठी आलीस निघणारी. दर्शनाचं समजू शकते मी. तिची पोर आहे. तुला काय पडलंय?"

याचं उत्तर निशिगंधाकडे होतं, पण ते काकूंना सांगण्यासारखं नव्हतं. तिलाही कळायला हवं होतं. कुतूहल होतं तिला. सात वर्षं ती खेळातली माणसं पाडत होती आणि आता पहिल्यांदा एक खरं पडणं तिच्या हातात आलं होतं.

काकूंनी शेवटी नाही म्हटलं नाही. पथकातल्या बायकांनी आपापली वजनं दिली, मैदानावर चालून दाखवलं, गुडघे वाकवून दाखवले. चारुताचं तोंड मात्र सतत चालू होतं.

"वजन खरं घालू नकोस गं निशा. चार किलो कमी घाल, सासरी लाज आहे मला." मग बाकीच्यांकडे वळून, "हसा. मी म्हणजे या बिल्डिंगचं पार्किंग. सगळ्या माझ्यावर उभ्या राहून फोटो काढता आणि वजन विचारता होय?"

चारुता शाळेची बस चालवायची. रुंद खांदे, जाड पोटऱ्या, आवाज मोठा. वजनाने ती पहिल्या थरातली, पण तिच्या खांद्यावर पाय घसरत नाही असा पथकाचा अनुभव होता, म्हणून तिला दुसऱ्यात घेत. दुसऱ्या थरातली ती सगळ्यात जड बाई होती. ओजस्वी पडली तेव्हा रुग्णवाहिकेत तिचं डोकं दोन्ही हातांनी धरून बसली होती ती चारुताच.

चित्रण तीन फोनवरचं होतं. शाळेच्या सुवर्णमहोत्सवाचा कापडी फलक मधे आल्यामुळे वरचे दोन थर कुठल्याच फोनमध्ये दिसत नव्हते. त्या दोन थरांतल्या बायकांना निशिगंधाने सरळ, स्थिर उभं केलं. खालचे तीन थर दिसत होते, पण पडताना ते सगळे एकदमच हललेले, सुरुवात कोणापासून झाली ते नुसत्या डोळ्याला कळत नव्हतं. पहिल्या थरातल्या एकीचंही पाऊल थर कोसळेपर्यंत हललेलं दिसत नव्हतं, म्हणून निशिगंधाने तो सबंध थर जमीन म्हणून नोंदवला. खेळ बनवणाऱ्यांची ही सवयच असते. जे हलत नाही ती जमीन. जमिनीचं गणित करावं लागत नाही, कार्डावरचा भार निम्मा होतो. त्या जमिनीत तिचे स्वतःचेही खांदे होते. पण हे तेव्हा तिच्या डोक्यात आलं नाही.

रविवारी दुपारी दर्शनाताईंच्या हॉलमध्ये टीव्हीवर तिने ते लावलं. दर्शनाताई, त्यांचे दोन्ही भाऊ, चारुता. ओजस्वीच्या खोलीचं दार उघडं होतं, पण पलंगावरून टीव्ही दिसत नसे.

पडद्यावर थर चढले. बायकांचे चेहरे कोरे ठेवले होते, तरी उभं राहण्याच्या ढबीवरून प्रत्येकजण ओळखू येत होती. क्षणभर सगळं स्थिर राहिलं. मग दुसऱ्या थरातल्या रुंद खांद्यांच्या बाईचा डावा गुडघा आतल्या बाजूला मुडपला. मांडीचा स्नायू थरथरला, पोटरीवर ताण आला आणि गुडघा गेला. तिच्या खांद्यावरची बाई तिरकी झाली, तिच्यावरची त्याहून जास्त, आणि सगळ्यात वरची छोटी आकृती गादीच्या बाहेर जाऊन पडली.

"परत लाव," चारुता म्हणाली.

निशिगंधाने परत लावलं.

"गुडघा," चारुताचा नवरा हेमंत हळूच म्हणाला. त्याला बहुधा ते मोठ्याने म्हणायचं नव्हतं.

"परत."

तिसऱ्यांदा बघून झाल्यावर चारुता स्वतःच्या गुडघ्याकडे बघत बसली. दर्शनाताईंनी शब्द दिला होता, तो पाळला. काही बोलल्या नाहीत. फक्त उठल्या, चारुतासमोरचा अर्धा प्यालेला चहाचा कप उचलला आणि मोरीत ओतून आल्या. बाकीच्यांचे कप तिथेच राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चारुता बसवर गेली नाही. खाली उतरून तिने ओजस्वीच्या देखभालीला असलेल्या पगारी बाईचा हिशेब चुकता केला आणि तिला घरी पाठवलं. त्या दिवसापासून ओजस्वीचं सगळं ती करू लागली. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. लघवीची नळी स्वच्छ ठेवायची. सकाळी हातमोजे घालून पोट साफ करून द्यायचं. पाय जाणवत नसले तरी ते रोज वाकवायचे, ताणायचे. रात्री ती तिथेच जमिनीवर गादी टाकून झोपे. हेमंत पहिल्यांदा चिडला, मग वरती एकटा जेवू लागला. चारुताला मूल नव्हतं. त्यामुळे तिला वेळ आहे असं घरात सगळ्यांनी न बोलता गृहीत धरलं.

पथकाने तिला काढलं नाही. तशी पद्धतच नव्हती. ती एकदा मैदानावर गेली, दुसऱ्या थराच्या जागी खांदे देऊन उभी राहिली. तिच्यावर चढायची वेळ आली तेव्हा एकीच्या पायात गोळा आला, दुसरीला घरून फोन आला. संजीवनीकाकूंनी शिट्टी फुंकून सराव थांबवला आणि सगळ्यांना खाली बसवून एकमेकींचे पट्टे बांधायला लावले. चारुताचा पट्टा काकूंनी स्वतः बांधला. ती पुन्हा गेली नाही.

बोलायचीही कमी झाली. एका संध्याकाळी निशिगंधा फळं घेऊन खाली गेली होती, तेव्हा चारुता नळीची पिशवी रिकामी करून हात धुत होती. पाठमोरीच म्हणाली, "आता आठवतं मला. गुडघ्याच्या आतून काहीतरी सरकल्यासारखं झालं होतं. त्या वेळी लक्षात नव्हतं आलं."

"असं आधी कधी म्हणाली नव्हतीस."

"तू दाखवल्यावर आठवलं."

ऑफिसात ते चित्र निशिगंधाच्या वरिष्ठांनी, कौस्तुभ बर्व्यांनी, पाहिलं होतं. तिनेच दाखवलं होतं, नव्या कार्डाची क्षमता म्हणून. बर्वे खुर्चीतून पुढे झाले.

"तो गुडघा. काय जातो तो." आणि थोड्या वेळाने, "याचा खेळ होईल. आपापलं पथक निवडायचं, थर लावायचे, हंडी फोडायची. अष्टमीच्या आधी बाजारात आणू. तू सांभाळशील ना टीम?"

सात वर्षांत पहिल्यांदा कोणी तिला हे विचारलं होतं. तिने हो म्हटलं. टीममध्ये अकरा जण येणार होते, दिवस लांबणार होते आणि तिला ते हवं होतं.

नावं बदलली, चेहरे बदलले, वेगवेगळ्या वजनांच्या काल्पनिक बायका तयार झाल्या. खेळ तपासणाऱ्या पोरांकडे पहिला मसुदा गेला. आठवड्याने त्यांच्या तक्रारी आल्या. रंग, आवाज, बटणं. आणि एक तक्रार सगळ्यांचीच होती: खेळणाऱ्याला लगेच कळतं, जाड बाईला वरच्या थरात घ्यायचंच नाही, दर वेळी तीच पडते.

निशिगंधाने ती ओळ पुन्हा वाचली.

कार्ड कसं मोजतं हे तिला पाठ होतं. थर लावला की प्रत्येक पाऊल आणि खांदा, प्रत्येक हात आणि मनगट, असे शेकडो स्पर्श तयार होतात. हे सगळे स्पर्श एकमेकांवर अवलंबून. एका ठिकाणचा दाब वाढला की बाकी सगळीकडचा बदलतो. म्हणजे शेकडो समीकरणं एकदम सोडवायची, आणि तीही डोळ्याची पापणी लवायच्या आत, कारण पडद्यावर पुढचं चित्र उमटायचं असतं. ते शक्य नसतं. म्हणून कार्ड एकेक स्पर्श क्रमाने घेतं. पहिला दुरुस्त करतं, त्याने दुसरा थोडा बिघडतो. दुसरा दुरुस्त करतं, तिसरा बिघडतो. अशा काही फेऱ्या मारल्या की उरलेली चूक डोळ्याला दिसत नाही. शिवाय जे स्थिर उभं आहे त्याला कार्ड झोपवून ठेवतं, त्याचं गणितच करत नाही. झोपलेल्या ढिगाऱ्याला जाग आणायची तर कुठून तरी सुरुवात करायला लागते. जड वस्तूतली चूक डोळ्याला आधी खुपते, म्हणून क्रम जडापासून लावलेला. सगळ्यात जड जी वस्तू, ती आधी जागी होते आणि साचलेली सगळी चूक तिच्या सांध्यात उतरते.

जमीन सोडून सगळ्यात जड.

पहिला थर तिने जमीन केला होता. उरलेल्यांत सगळ्यात जड चारुता होती. थर कुठल्याही कारणाने पडला असता, अगदी कोणी वरून चेंडू मारला असता, तरी पडद्यावर चारुताचाच गुडघा गेला असता. कार्डाने खोटं काही केलं नव्हतं. बघणाऱ्याला खोटं वाटू नये एवढ्यासाठीच ते बनवलेलं होतं, आणि कोणालाही खोटं वाटलं नव्हतं.

तिने चूक मान्य करायला वेळ लावला नाही. चुकीचं गणित पुन्हा करायचं असतं. कंपनीचे मोठे संगणक सुट्टीच्या दिवशी रिकामे असत. पडझड कार्ड बाजूला ठेवून, सगळे आडमार्ग बंद करून, तिने शेकडो समीकरणं एकदम सोडवायला घातली. एका पडण्याला तासाच्या वर वेळ लागे. या वेळी पहिला थरही माणसांचा होता. वरचे दोन थर दिसत नव्हते, तर त्यांना तिने निरनिराळ्या हालचाली करू दिल्या आणि कोणत्या हालचालीने खालचे तीन थर फोनमधल्यासारखे पडतात ते ताडून पाहिलं. हे उलटं गणित. जमिनीवर पडलेल्या काचांवरून दगड कुठून आला ते शोधण्यासारखं.

चारुताच्या गुडघ्यापासून सुरू केलेलं एकही पडणं चित्रणाशी जुळलं नाही. पहिल्या थरातल्या चुकांपासून सुरू केलेली काही थोडी जुळत होती, पण ओढूनताणून. एक मात्र चौकटीमागून चौकट तंतोतंत जुळत गेलं. त्यात ओजस्वी वर पोचल्यावर थांबत नव्हती. खालचे थर स्थिरावण्याआधीच ती ताठ उभी राहून, डावीकडे वळून उजवा हात उंच करत होती. सलामी देत होती.

निशिगंधाने यंत्र बंद केलं. शंभर टक्के असं तिने आयुष्यात कशालाच म्हटलं नव्हतं. पण हे कोणी दुसऱ्याने तिच्यापुढे ठेवलं असतं, तर तिने त्याखाली सही केली असती.

सोमवारी दुपारी ती घरी लवकर आली आणि सरळ दर्शनाताईंच्या दाराशी गेली. दर्शनाताई कामावर होत्या. चारुता औषधं आणायला खाली गेली होती, दार नुसतं ओढलेलं होतं. ओजस्वी कुशीवर होती, पाठीमागे उशी लावलेली, केस विंचरून वेणी घातलेली. खोलीत कसलाही वास नव्हता. एवढ्या आजारपणात खोलीला वास नसणं म्हणजे काय कष्ट असतात, हे निशिगंधाला पहिल्यांदाच जाणवलं.

"निशामामी. आज सोमवारी कशी?" ओजस्वी म्हणाली. "फळं नाही आणलीस?"

"ओजू, मला तुझ्याशी बोलायचंय. चारूताई यायच्या आत." ती खुर्ची ओढून बसली. वाक्य तिने येताना रिक्षात तयार केलं होतं. "मी जे दाखवलं होतं टीव्हीवर, ते चुकलं होतं. गणितात माझी चूक झाली. चारूताईचा गुडघा गेला नव्हता."

"मग?" ओजस्वीने विचारलं.

निशिगंधाचं तयार केलेलं वाक्य इथे संपत होतं.

"बोल ना. मग कोण?"

"ओजू..."

"मी ना?" ओजस्वी म्हणाली. "माहितीये मला."

बाहेर लिफ्टचा आवाज झाला. दोघींनी कान दिला. ती वरच्या मजल्यावर गेली.

"काकू ओरडत होत्या खालून. थांब, बसू दे, थांब. मी नाही थांबले. खाली सगळे फोन धरून उभे होते, मला वाटलं लगेच हात केला तर मस्त येईल. तोपर्यंत त्या फलकामुळे काही दिसत नाहीये हे कुठे ठाऊक होतं." तिने ओठांचा कोपरा वाकडा केला. "आलंच नाही कशात."

"मग तू सांगितलं का नाहीस?"

"मला विचारलं कोणी? तुम्ही कार्डाला विचारलंत."

निशिगंधाने खुर्ची पलंगाजवळ सरकवली.

"आणि नंतर चारूमामी आली," ओजस्वी म्हणाली. तिचा आवाज तसाच होता, शाळेतली गोष्ट सांगावी तसा. "ती आधीची बाई होती ना, ती रात्री मोबाइल बघत बसायची. मला कुशीवर वळवायची आणि विसरून जायची. पाठीला इथे केवढी जखम होती, बघितलीस तू? नसशील बघितली. आईला जाग येत नाही, ती दमून येते. मामीचा गजर वाजायच्या आधी मामी उठलेली असते. एकदाही चुकत नाही ती. तिला माफी हवीय ना."

"तिला खरं कळलं तरी ती येईल. तुला ठाऊक आहे ती कशी आहे."

"येईल की. आठवड्यातून एकदा. फळं घेऊन." ओजस्वी म्हणाली. "तुझ्यासारखी."

निशिगंधाने पलंगाच्या कडेला पडलेली चादर सरळ केली. ती आधीच सरळ होती.

"हे बरोबर नाहीये, ओजू. तिने नोकरी सोडली. हेमंतभावजी तिच्याशी नीट बोलत नाहीत. ती म्हणते तिला गुडघा गेलेला आठवतो. न झालेली गोष्ट आठवते तिला."

"मग सांग तिला. मी कुठे धरलंय तुला? मला तर हातसुद्धा नीट उचलता येत नाही." ती पहिल्यांदाच हसली. "सांग. आईलाही सांग की तुझ्या पोरीने स्वतःच केलंय. आणि मग रात्री दोन वाजता, चार वाजता, सहा वाजता तू ये. मामीच आहेस ना तू पण. सकाळचं हातमोज्याचं काम तुला जमेल का बघ. मला चालेल. मला कोणीही चालेल, पण रोज यायला लागेल. माझी पाठ रविवारची सुट्टी घेत नाही."

आता लिफ्ट याच मजल्यावर थांबली. चारुता आली. हातात औषधांची पिशवी, कपाळावर घाम. वजन बरंच उतरलं होतं तिचं, ड्रेस खांद्यावरून लोंबत होता.

"अगं, तू? ऑफिस नाही आज?"

"होतं. लवकर निघाले."

"थांब, चहा टाकते. ओजू, तुझं झालं ना पाणी पिऊन?" तिने ग्लास उचलून उजेडात धरून किती उरलंय ते पाहिलं, मग निशिगंधाला खुणेनेच स्वयंपाकघरात बोलावलं.

पातेल्यात पाणी ठेवून चारुता ओट्याला टेकली. काहीतरी विचारायचं होतं तिला, हे दिसत होतं. पूर्वी ती आधी विचारायची आणि मग थांबायची.

"निशा, एक सांग. रागावू नकोस. तुझ्या कामावर शंका घेत नाहीये मी."

"बोल ना."

"ओजूला व्यायाम द्यायला तो मुलगा येतो ना, त्याला मी सहज विचारलं. म्हटलं गुडघा असा आत मुडपला तर काय होतं. तर तो म्हणाला, आतली दोरी तुटते, निदान टम्म सुजतो, आठ दिवस पाय टेकवत नाही." ती खाली वाकली आणि सलवारवरून डावा गुडघा चाचपू लागली. "माझा सुजलाच नव्हता गं. त्याच दिवशी मी हॉस्पिटलचे जिने चढउतार करत होते, तुला आठवतंय ना. दुसऱ्या दिवशी बस चालवली मी. क्लच याच पायाने दाबते." तिने वर पाहिलं. "म्हणजे आठवतं तर मला की गेला होता. पण मग दुखला कसा नाही? तू म्हणजे... एकदा परत बघशील का?"

चहाचं पाणी उकळायला लागलं होतं. निशिगंधाला ऑफिसातले अकरा जण आठवले, ज्यांची पहिली बैठक उद्या सकाळी होती. मग पाठीवरची ती जखम आठवली, जी तिने पाहिली नव्हती. चारुता उत्तराची वाट बघत होती. या घरात गणितातलं कळणारी एकटी निशिगंधा होती. ती जे सांगेल ते चारुता मानणार होती, आणि हे दोघींनाही ठाऊक होतं.

"बघितलं मी परत," निशिगंधा म्हणाली. "म्हणूनच आले होते."

"मग?"

"तेच आलं."

चारुताने हळूहळू मान हलवली.

"आणि सूज येतेच असं नाही," निशिगंधा पुढे म्हणाली. आवाज अगदी शांत होता, ऑफिसात एखाद्या नवख्याला समजावावं तसा. "स्नायू आधीपासून दमलेला असेल तर तो क्षणभरच सैल पडतो. दोरीला ताण बसतच नाही. सांध्याला काही होत नाही, पण भार मात्र सुटतो. तुझ्या बाबतीत तसंच झालंय."

"असं होय." चारुता ओट्याला हात टेकून सरळ झाली. "बरं झालं विचारलं. नाहीतर उगाच मनात यायला लागलं होतं काहीबाही."

तिने पातेल्यात चहा टाकला, साखर टाकली. डब्याचं झाकण लावताना ते दोनदा निसटलं.

आतून ओजस्वीने हाक मारली, "मामी."

दोघी स्वयंपाकघरातच होत्या. चारुताने गॅस बारीक केला आणि हात पुसत आत गेली.